शून्य कुठे धरले होते : सममितीभंग, कृष्ण ऊर्जा आणि एका एम.एस्सी. प्रकल्पाचे प्रकरण

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील एका महाविद्यालयात मी पदव्युत्तर वर्गाला भौतिकशास्त्र शिकवतो. चौथ्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रकल्प करावा लागतो आणि मे महिन्यात बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर त्याची तोंडी परीक्षा होते. बहुतेक जण सौर घट, पातळ थर, खाडीच्या पाण्याची विद्युतवाहकता असे प्रयोगशाळेत मावणारे विषय घेतात. या प्रकरणातील विद्यार्थिनीने जानेवारीत लिहून आणलेला विषय मात्र कुठल्याच प्रयोगशाळेत मावणारा नव्हता : ‘उत्स्फूर्त सममितीभंग आणि कृष्ण ऊर्जेचा उगम’. कृष्ण ऊर्जा म्हणजे विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी, अजून न उलगडलेली ऊर्जा. तिचे गणित पक्के होते, वाचन वर्गातील इतरांपेक्षा बरेच पुढे होते आणि विषय तिने स्वतः निवडला होता. म्हणून मी सही केली. शीर्षकातला ‘उगम’ हा शब्द मी त्याच दिवशी खोडायला हवा होता, हे आधीच नोंदवून ठेवतो.

तिच्या युक्तिवादाचे मूळ घरच्या एका पातेल्यात होते. वेंगुर्ल्याकडच्या तिच्या घरी दरवर्षी भिरंडेल काढतात. भिरंडाच्या, म्हणजे रातांब्याच्या, बिया वाळवून फोडायच्या, आतला गर वाटून पाण्यात उकळायचा, वर तरंगणारी चरबी काढून घ्यायची आणि ती गार होत असताना मुठीत दाबून तिचे गोळे वळायचे, अशी ही जुनी रीत आहे. थंडीत टाचांना भेगा पडल्या की हा गोळा चुलीपाशी किंचित वितळवून लावतात. जानेवारीत तिने असे दोन गोळे मागितले तेव्हा आईने विचारले, “भिरंडेल कित्याक व्हया तुका?” तिने ते पातेलीत वितळवले, त्यात प्रयोगशाळेतला तापमापी उभा धरला आणि पातेली खाली उतरवून दर अर्ध्या मिनिटाला पारा टिपून ठेवला. आलेख पाठ्यपुस्तकात असतो तसाच आला : तापमान झपाट्याने उतरले, एका जागी थबकले, तिथून किंचित वरही चढले, बराच वेळ तिथे रेंगाळले आणि सगळी चरबी पांढरी, घट्ट झाल्यावरच पुन्हा उतरू लागले. या रेंगाळण्याच्या काळात भांडे बाहेर उष्णता टाकतच असते. ती उष्णता चरबी घट्ट होण्यातून येते. शालेय पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात.

आपल्या भाषेत पाणी गोठते आणि तेल-तूप थिजते. तिने वहीच्या पहिल्या पानावर हा आलेख चिकटवला आणि त्याखाली लिहिले की, विश्व थंड होत असताना हिग्ज क्षेत्र, म्हणजे मूलकणांना वस्तुमान देणारे सर्वव्यापी क्षेत्र, असेच थिजले. थिजताना निर्वाताने, म्हणजे रिकाम्या अवकाशाने, जी ऊर्जा बाहेर टाकली तीच आज कृष्ण ऊर्जा म्हणून विश्वाला ताणते आहे. कल्पना चुकीची होती, पण पोरकट मुळीच नव्हती. तिच्यात तीन वेगवेगळ्या चुका आणि एक खरा, आजवर न सुटलेला प्रश्न असे चौघे एकमेकांत गुंतलेले होते, आणि ते सोडवून वेगळे करण्यातच पुढचे तीन महिने गेले.

आधी सममितीभंग म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी तिच्याच तालुक्यातले शिरोड्याचे मिठागर पुरेसे आहे. वाफ्यात घेतलेले खाऱ्या खाडीचे पाणी सर्व दिशांना सारखे असते; त्यात उजवे-डावे, उत्तर-दक्षिण असा भेद नसतो. उन्हाने पाणी आटून ते संपृक्ततेपलीकडे गेले की त्यात घनाकृती खडे धरू लागतात, आणि खडा म्हटला की त्याच्या कडांना दिशा आलीच. ती दिशा कोणी ठरवली? सोडियम आणि क्लोरीन यांच्यामधील विद्युतबलाच्या नियमात कोणतीही दिशा लाडकी नाही. शेजारचाच खडा वेगळ्या कोनात धरलेला असतो, यावरून ते स्पष्ट होते. सममिती नियमात शाबूत राहते आणि प्रत्यक्ष अवस्थेत मोडते, एवढाच ‘उत्स्फूर्त’ या विशेषणाचा अर्थ. योइचिरो नाम्बू यांनी १९६० च्या सुमारास अतिवाहकतेच्या सिद्धांतावरून हीच कल्पना मूलकणांच्या जगात नेली. जेफ्री गोल्डस्टोन यांनी १९६१ मध्ये असे दाखवले की, सलग बदलणारी सममिती अशा रीतीने मोडली तर वस्तुमान नसलेला एक कण निर्माण झाला पाहिजे. १९६४ मध्ये ब्राउट व एंगलर्ट, हिग्ज, आणि गुराल्निक, हेगन व किबल या तीन गटांनी हा कण बलवाहक कणांच्या वस्तुमानात जिरवण्याची रीत शोधली. ४ जुलै २०१२ रोजी जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन, म्हणजे हिग्ज क्षेत्राचा कण, सापडल्याचे जाहीर झाले. त्याचे वस्तुमान सुमारे १२५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट भरले; मूलकणांचे वस्तुमान आणि ऊर्जा याच एककात मोजतात.

या चित्रात निर्वात म्हणजे काहीच नसणे नव्हे. आज अवकाशाच्या प्रत्येक बिंदूवर हिग्ज क्षेत्राचे मूल्य सुमारे २४६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. विश्व जन्मल्यानंतर सेकंदाच्या एक अब्जांशाचाही शंभरावा भाग उलटण्याआधी, तापमान १६० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर, म्हणजे १ वर १५ शून्ये इतक्या केल्विनच्या घरात असताना, हे मूल्य शून्य होते. क्षेत्राच्या मूल्यानुसार स्थितिज ऊर्जेचा आलेख काढला तर तो पालथ्या पातेल्यासारखा मध्ये फुगलेला आणि भोवती गोल चर असलेला दिसतो. थंड होताना विश्व मधल्या फुगवट्यावरून चरात उतरले. फुगवटा आणि चर यांच्या उंचीतला फरक हिग्जच्या वस्तुमानावरून आणि २४६ या आकड्यावरून थेट काढता येतो : दोन्हींचे वर्ग गुणायचे आणि आठने भागायचे. उत्तर येते सुमारे १२ कोटी, गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या चौथ्या घाताच्या एककात.

हे एकक ज्यूल आणि मीटर यांत आणले की डोळे विस्फारतात. एका घनमीटरला सुमारे अडीच गुणिले १० चा ४५ वा घात इतके ज्यूल. वस्तुमानात सांगायचे तर एका लिटरच्या तांब्यात साडेचार पृथ्व्या. उलट, प्रत्यक्ष मोजलेली कृष्ण ऊर्जा अतिशय विरळ आहे. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांना असे आढळले की, दूरचे ‘वन-ए’ प्रकारचे अतिनवतारे, म्हणजे स्फोट होणारे तारे, अपेक्षेपेक्षा मंद दिसतात, म्हणजेच विश्वाचे प्रसरण मंदावण्याऐवजी वेग घेत आहे. या शोधाबद्दल पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या मोजणीनुसार विश्वातील एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६८ टक्के वाटा या ऊर्जेचा आहे, तरीही एका घनमीटरात ती साडेतीन हायड्रोजन अणूंच्या वस्तुमानाइतकीच भरते. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच अशा अवकाशात ती सगळी मिळून अर्धा ज्यूल होते. शंभर ग्रॅमची कैरी जमिनीवरून अर्धा मीटर उचलायला तेवढीच ऊर्जा लागते.

तांब्यातल्या साडेचार पृथ्व्या एकीकडे आणि घन किलोमीटरमागे एक कैरी दुसरीकडे. भागाकार केला तर ५ वर ५४ शून्ये.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती हा आकडा घेऊन आली आणि म्हणाली, “सर, एककांच्या रूपांतरात कुठेतरी चूक आहे.” मलाही तसेच वाटले, किंबहुना तसे वाटणे सोयीचे होते. त्यानंतरचे जवळजवळ तीन आठवडे तिने संगणकावरील गणिताची प्रत्येक ओळ तपासण्यात घालवले. एकके बरोबर होती. पंचावन्न शून्यांची ही तफावत तिच्या वहीतली नाही, पूर्ण विषयाचीच आहे, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. निर्वाताच्या ऊर्जेचा संबंध आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणातील वैश्विक स्थिरांकाशी जोडण्याचा मुद्दा झेल्दोविच यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मांडला होता. सममितीभंगामुळे हा प्रश्न किती उग्र होतो हे लिंडे यांनी १९७४ मध्ये आणि वेल्टमन यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले होते, म्हणजे हिग्ज कण सापडण्याच्या पस्तीसहून अधिक वर्षे आधी. मला हे ठाऊक होते. पण विद्यार्थ्याचे उत्तर विचित्र आले की आधी त्याच्या आकडेमोडीवर संशय घ्यायचा, ही मास्तरांची सवय इथे नडली.

आता चुकांकडे वळू. पहिली चूक भिरंडेलाच्या उपमेतच होती. थिजताना बाहेर पडलेली उष्णता निर्वातात राहत नाही. ती भोवतीच्या कणांत आणि प्रारणात, म्हणजे प्रकाशासारख्या तरंगांत, मिसळते. आणि प्रारणाची घनता विश्व फुगत जाते तशी फार वेगाने घटते : अंतरे दुप्पट झाली की घनफळ आठपट होते, शिवाय प्रत्येक तरंगाची लांबी ताणून त्याची ऊर्जा निम्मी होते, म्हणून घनता सोळाव्या हिश्श्यावर येते. कृष्ण ऊर्जेचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. विश्व कितीही फुगले तरी तिची घनता आहे तेवढीच राहते, निदान फारशी बदलत नाही. सममितीभंगाच्या वेळी मोकळी झालेली ऊर्जा प्रारणात मिसळून विरळ होऊ दिली तर आज ती कृष्ण ऊर्जेच्या लाखो पट कमी भरते. विरळ होऊच दिली नाही तर पंचावन्न शून्यांनी जास्त. मधली वाट नाही. याशिवाय त्या वेळच्या प्रारणाच्या तुलनेत ही भर अर्ध्या टक्क्याचीच होती, हे तिने नंतर स्वतः मोजून दाखवले, आणि मला तिच्या कामातला हा भाग सर्वांत आवडला. ज्याला ती विश्वाचे इंधन समजत होती, ती ऊर्जा त्या क्षणी हिशेबातली चिल्लर होती. शिवाय प्रसरणाला वेग आला तो सुमारे सहा अब्ज वर्षांपूर्वी, विश्वाचे वय आजच्या निम्म्याहून थोडे अधिक झाल्यावर. बाळंतपणात वाटलेल्या खिरापतीने नातवंडाच्या लग्नाचा खर्च भागवण्यासारखा तो प्रकार झाला असता.

दुसरी चूक बारीक आहे, तीवर फार थांबत नाही. स्टँडर्ड मॉडेलमध्ये, म्हणजे मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांतात, हिग्जचे वस्तुमान १२५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट असताना, हे अवस्थांतर भिरंडेलासारखे थबकून होतच नाही. १९९६ मधील जालक-पद्धतीच्या (अवकाशाला बिंदूंची जाळी मानून संगणकावर केलेल्या) गणितांनी दाखवले की, हिग्ज इतका जड असेल तर बदल सलग आणि सौम्य असतो. लोणी उन्हात ठेवले की ते अमुक क्षणी वितळले असे म्हणता येत नाही, मऊ होत होत जाते, तसे. त्यामुळे काटेकोर अर्थाने तिथे अप्रकट उष्मा नाही आणि पहिल्या पानावरचा आलेख या प्रकरणाला लागूच पडत नव्हता. तो तिने काढून टाकला नाही; त्याखाली एक ओळ वाढवली. मीही आग्रह धरला नाही.

तिसरी चूक चिन्हाची होती, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची ठरली. मार्चच्या सुरुवातीला मी तिची वही घरी नेऊन सलग वाचली तेव्हा लक्षात आले की, हिग्जच्या ऊर्जेचा तोच आलेख बाराव्या आणि एकोणिसाव्या पानावर दोनदा काढला आहे. बाराव्या पानावर आडवा अक्ष मधल्या फुगवट्याच्या माथ्याला चिकटलेला आहे आणि चर शून्याखाली गेला आहे. एकोणिसाव्या पानावर अक्ष चराच्या तळाला टेकला आहे आणि माथा शून्याच्या वर आहे. दोन्ही आलेख मीच वर्गात दिलेल्या दोन वेगवेगळ्या टिपणांतून आले होते, आणि ती टिपणे मी दोन वेगवेगळ्या पुस्तकांवरून केली होती. एका पुस्तकाने शून्य माथ्यावर धरले होते, दुसऱ्याने तळाला. पंधरा वर्षे मी ते शिकवत होतो आणि या फरकाकडे बोट दाखवण्याची गरज मला कधी वाटली नव्हती, कारण मूलकणांच्या भौतिकीत त्याने काहीच बिघडत नाही. कणांचे वस्तुमान, त्यांच्या टकरी, त्यांचा क्षय हे सगळे ऊर्जेतल्या फरकांवर चालते. साऱ्या आलेखात एक स्थिर संख्या मिळवली तरी एकही उत्तर बदलत नाही.

गुरुत्वाकर्षणात तसे चालत नाही. व्यापक सापेक्षतेत अवकाशाला वक्रता येते ती एकूण ऊर्जेमुळे; ती वर असो, खाली असो, कोणत्याही नावाने असो. हे समजावताना मी तिला किनाऱ्यावरचाच दाखला दिला. भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाण्याची उंची नौकानयनाच्या नकाशातील आधारपातळीपासून, म्हणजे जवळजवळ नीचतम ओहोटीपासून, मोजलेली असते. जमिनीच्या नकाशातील उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. आपल्या किनाऱ्यावर या दोन शून्यांत एक मीटरहून अधिक अंतर आहे. पाणी सकाळपासून किती चढले एवढेच विचारायचे असेल तर कोणतेही शून्य धरा, उत्तर एकच. पण खाडीच्या तोंडाशी साठलेल्या वाळूवरून होडी पार जाईल का, हा प्रश्न असेल आणि वाळूची खोली एका शून्यापासून व पाण्याची उंची दुसऱ्या शून्यापासून घेतली, तर होडी रुतणार. तिच्या वहीत हेच घडले होते. बाराव्या पानावर तळाची ऊर्जा ऋण आली, एकोणिसाव्यावर शून्य आली. एकविसाव्या पानावर तिने दोन्हींमधला फरक घेतला, त्याचे ऋण चिन्ह टाकून दिले आणि त्याला आजच्या निर्वाताची ऊर्जा असे नाव दिले.

चिन्ह टाकून देण्याने काय होते हे दाखवायला आम्ही तीनही पर्याय शेवटपर्यंत सोडवले. निर्वाताच्या ऊर्जेचा दाब तिच्या घनतेइतकाच पण ऋण असतो. अवकाश फुगले तरी घनता घटत नाही या एकाच अटीतून तो निघतो. आइन्स्टाइनच्या समीकरणात ऊर्जेबरोबर दाबाचाही वाटा असतो, तोही तिप्पट, म्हणून घनता धन असेल तर ऋण दाब वरचढ ठरून प्रसरणाला वेग येतो. आता तिच्या फरकाएवढी ऊर्जा धन चिन्हाने आज निर्वातात असती, तर विश्वाचे क्षितिज, म्हणजे ज्यापलीकडून कधीच काही पोचू शकत नाही ते अंतर, साडेसात सेंटीमीटरच्या आसपास आले असते. वेंगुर्ल्याच्या पुळणीवर उभ्या माणसाला समुद्राचे क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर दिसते. या विश्वात ते एका असोल्या नारळाच्या आत मावले असते. तीच ऊर्जा ऋण चिन्हाने असती तर सगळे विश्व सेकंदाच्या एका अब्जांशाच्या आत स्वतःवर कोसळून संपले असते. आणि तळ बरोबर शून्यावर असता तर आज कृष्ण ऊर्जा नसतीच. पण मग सममिती मोडण्याआधी, फुगवट्यावर असताना, निर्वातात तांब्यामागे साडेचार पृथ्व्या होत्या हे मान्य करावे लागले असते.

तिन्ही शक्यता फळ्यावर शेजारीशेजारी मांडल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे सर, सममितीभंगाने कृष्ण ऊर्जा निर्माण होत नाही. ती किती असावी, हे त्याने आणखी अवघड करून ठेवले.” या प्रकरणात मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे आणि ते तिने माझ्याआधी सांगितले.

यातला अवघडपणा नीट पाहण्यासारखा आहे. सममितीभंगाचा शोध लागण्यापूर्वी निर्वाताची ऊर्जा ही एक सोयीची स्थिर संख्या मानता येत होती : आहे तशी घ्या, वजा करा, विसरून जा. आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये आपल्या समीकरणात वैश्विक स्थिरांक घातला तेव्हा तो असाच एक आकडा होता. पण हिग्ज कण प्रत्यक्ष सापडल्यावर निर्वाताची ऊर्जा विश्वाच्या इतिहासात बदलली, हे म्हणणे केवळ तर्काचे उरत नाही. ती निदान दोनदा बदलली : एकदा हिग्ज क्षेत्र चरात उतरले तेव्हा, आणि पुन्हा सेकंदाच्या लाखांश भागाच्या सुमारास क्वार्क प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये बांधले गेले आणि तीव्र बलाची कायरल सममिती (क्वार्कच्या डाव्या-उजव्या फिरकीतली सममिती) मोडली तेव्हा. या दुसऱ्या वेळचा बदल पहिल्याहून खूप लहान असला तरी आजच्या कृष्ण ऊर्जेच्या तुलनेत त्याच्यापुढेही चाळीसहून अधिक शून्ये आहेत. म्हणजे सुरुवातीचा आकडा असा असायला हवा होता की, दोन प्रचंड वजाबाक्या झाल्यानंतर पंचावन्नाव्या स्थानाशी नेमकी एवढीशी शिल्लक उरावी. कोणत्याही वाण्याने असा हिशेब आणून दाखवला तर आपण वही तपासायला मागू.

तो तपास अजून चालू आहे, आणि त्यात आपल्याकडच्या लोकांचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या आयुकामध्ये थाणू पद्मनाभन यांनी अनेक वर्षे असा आग्रह धरला की, पदार्थाचे नियम ऊर्जेच्या शून्याबाबत बेफिकीर असताना गुरुत्वाकर्षणाने तेवढी फिकीर करावी हीच विसंगती आहे; म्हणून गुरुत्वाकर्षणाची मांडणीच अशी करायला हवी की साऱ्या ऊर्जेत स्थिर संख्या मिळवल्याने तिच्यात फरक पडू नये. माझ्या विद्यार्थिनीच्या बारा आणि एकोणीस क्रमांकाच्या पानांचा झगडा त्यांनी थेट मुळाशी जाऊन उचलला होता, असे मला वाटते. त्यांचे लेखन मी तिला आधीच वाचायला दिले असते तर मार्च महिना वाचला असता. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये वेगळाच मार्ग घेतला : हा आकडा फार मोठा असता तर दीर्घिका बनल्याच नसत्या आणि प्रश्न विचारायलाही कोणी नसते, म्हणून तो लहान आहे. युक्तिवाद म्हणून तो बिनतोड आहे आणि उत्तर म्हणून मला तो कधीच पचलेला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संदीप त्रिवेदी यांनी कछरू, कॅलॉश आणि लिंडे यांच्यासह २००३ मध्ये स्ट्रिंग सिद्धांतात ऋण ऊर्जेचा तळ वर उचलून किंचित धन करण्याची रीत मांडली. तो तळ खरोखर टिकतो का, यावर अजून वाद आहे. सुपरसममिती, म्हणजे प्रत्येक कणाला दुसऱ्या जातीचा जोडीदार मानणारी सममिती, शाबूत असती तर निर्वाताची ऊर्जा आपोआप शून्य झाली असती; पण तीही मोडलेलीच आहे आणि तिच्या मोडण्याने तफावत पुन्हा साठ शून्यांच्या आसपास जाते.

एका ठिकाणी मात्र सममितीभंग कृष्ण ऊर्जेच्या कामी येण्याची शक्यता खरोखर आहे, आणि प्रकल्पाचा शेवटचा तिसरा भाग आम्ही त्यावर वळवला. गोल्डस्टोन यांचा कण आठवावा. गोल चरातून फिरायला ऊर्जा लागत नाही, म्हणून त्या फिरण्याशी जोडलेल्या कणाला वस्तुमान नसते. पण चर अगदी सपाट नसेल, एका बाजूला केसभर कलता असेल, तर त्या कणाला अत्यल्प वस्तुमान येते, आणि ते अल्पच राहते, कारण मूळची सममिती त्याची राखण करत असते. १९९५ मध्ये फ्रीमन, हिल, स्टेबिन्स आणि वागा यांनी सुचवले की, असे एखादे क्षेत्र आज अतिशय सावकाश उतारावरून सरकत असेल आणि त्याची उरलेली उंची म्हणजेच कृष्ण ऊर्जा. त्यासाठी कणाचे वस्तुमान एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या १ वर ३३ शून्ये इतक्या भागाएवढे हवे. असे असेल तर कृष्ण ऊर्जा अचल नसून काळानुसार हळूहळू बदलेल, आणि हे मोजून पाहता येते. ॲरिझोनातील किट पीकवर ५००० प्रकाशतंतूंच्या साहाय्याने एकाच वेळी तितक्या दीर्घिकांचे वर्णपट घेणाऱ्या ‘डेसी’ प्रकल्पाने २०२४ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांत असा बदल होत असल्याची चाहूल आहे. अतिनवताऱ्यांचा कोणता संच जोडला त्यानुसार तिची सांख्यिकीय पातळी साधारण २.८ ते ४.२ सिग्मा भरते; सिग्मा जितके जास्त तितकी ती निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी. शोध म्हणायला लागणाऱ्या पाच सिग्मांच्या ती अलीकडेच आहे.

तिने या प्रतिकृतीचा आलेख स्वतः काढला, क्षेत्र उतारावर सोडून प्रसरणाचा वेग सोडवला, आणि शेवटी एक वाक्य लिहिले जे मी जसेच्या तसे ठेवायला सांगितले : या आलेखातही चराच्या तळाला शून्य धरले आहे आणि ते का धरले याचे कारण या प्रकल्पात नाही.

तोंडी परीक्षा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. परीक्षकांनी सगळी वही चाळली, बाराव्या पानावर थांबले आणि विचारले, “इथे शून्य कुठे आहे?” तिने फळ्यावर आलेख काढला, त्याला दोन आडव्या रेषा मारल्या आणि सूत्राच्या शेवटी एक अक्षर वाढवून म्हणाली, “हे अक्षर मोजून कळते, सर. कशावरून निघते ते अजून काढता आलेले नाही.” त्यांनी पुढचा प्रश्न प्रारण विरळ होण्याबद्दल विचारला आणि तोही तिने सोडवला. पहिल्या पानावरचा तेलकट डाग कसला, हेही त्यांनी जाता जाता विचारून घेतले.

शीर्षकातला ‘उगम’ हा शब्द काढून तिथे ‘निर्वात-ऊर्जेचा हिशेब’ असे लिहावे, असा अर्ज आम्ही एप्रिलमध्येच केला होता. पण विषयांची यादी फेब्रुवारीत भरून गेली होती आणि त्यानंतर शीर्षक बदलण्याची सोय नव्हती. तिच्या प्रकल्पाच्या प्रमाणपत्रावर आजही ‘कृष्ण ऊर्जेचा उगम’ असेच छापलेले आहे, आणि त्याखाली माझी सही आहे.